दर चार मेंढ्यांमागे एकीला लागण, तरी कळप दिसतो ठणठणीत : मेंढ्यांच्या फुफ्फुसाचा हा संथ आजार नेमका किती पसरलाय?

कळपातली एखादी मेंढी चालताना मागे पडायला लागली, की मेंढपाळ आधी तिचं वय बघतो. दात झिजले असतील, चारा अंगी लागत नसेल, दोन पिल्लं पाजून थकली असेल, असे अंदाज बांधले जातात. चार-सहा महिन्यांत ती आणखी वाळते, चढावर धापा टाकते आणि एके दिवशी विकली जाते किंवा मरते. मेंढी म्हातारी होती, विषय संपला.

पण अमेरिकेत २००१ साली सरकारी यंत्रणेने देशभरातल्या मेंढ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा या 'म्हातारपणा'मागे बऱ्याचदा एक व्हायरस असू शकतो हे आकड्यांत समोर आलं. तपासलेल्या मेंढ्यांपैकी २४.२ टक्के मेंढ्यांच्या रक्तात फुफ्फुसाच्या एका जुनाट आजाराच्या अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे साधारण चारातली एक. आणि यातल्या बहुतेक मेंढ्या वरून अगदी धडधाकट होत्या.

या आजाराला अमेरिकेत 'ओव्हाइन प्रोग्रेसिव्ह न्यूमोनिया' म्हणजे थोडक्यात ओपीपी म्हणतात. युरोपात त्याचं नाव 'मेडी-विस्ना'. यावर लस नाही, औषध नाही आणि एकदा लागण झाली की ती आयुष्यभर राहते. मग प्रश्न असा, की चारातल्या एका मेंढीला होणारा आजार इतकी वर्षं दुर्लक्षित कसा राहिला? आणि 'चारातली एक' या आकड्याचा खरा अर्थ काय?

आधी आजार समजून घेऊ

मेडी आणि विस्ना हे दोन्ही शब्द आइसलँडच्या भाषेतले. मेडी म्हणजे धाप लागणे आणि विस्ना म्हणजे सुकत, खंगत जाणे. सुरुवातीला हे दोन वेगळे आजार आहेत असं वाटलं होतं. एकात फुफ्फुस निकामी व्हायचं, तर दुसऱ्यात मेंदू आणि मज्जारज्जूवर परिणाम होऊन मेंढीचे मागचे पाय लुळे पडायचे. दोन्हीमागे एकच व्हायरस आहे, हे नंतर कळलं.

हा व्हायरस शरीराच्या राखणदारांनाच गाठतो. रक्तातल्या आणि फुफ्फुसातल्या ज्या पेशी बाहेरचे जंतू गिळून टाकतात, त्याच पेशींमध्ये तो शिरतो आणि आपला जनुकीय मजकूर त्या पेशीच्या डीएनएमध्ये चिकटवून टाकतो. त्यामुळे शरीर अँटीबॉडी तयार करतं खरं, पण त्या अँटीबॉडी लपलेल्या व्हायरसला बाहेर काढू शकत नाहीत. संरक्षणाच्या पेशी फुफ्फुसात गर्दी करतात, तिथली नाजूक जागा जाड होत जाते आणि हवा आत-बाहेर करणारा स्पंज हळूहळू रबरासारखा घट्ट होतो. अशा मेंढीचं फुफ्फुस बाहेर काढलं तर ते नेहमीच्या फुफ्फुसाच्या दुप्पट-तिप्पट वजनाचं भरतं.

हे सगळं घडायला वर्षं लागतात. लागण पिल्लू असताना झाली तरी लक्षणं साधारण दोन वर्षांनंतर, बऱ्याचदा तीन-चार वर्षांची झाल्यावर दिसतात. आणि लागण झालेल्या बहुतांश मेंढ्यांमध्ये धाप लागण्याची वेळ येतच नाही. त्याआधीच त्या विकल्या जातात, कत्तलखान्यात जातात किंवा दुसऱ्याच कारणाने मरतात.

फुफ्फुसाशिवाय हा व्हायरस कासेवरही हल्ला करतो. दोन्ही बाजूंनी कास कडक होते, पण ती गरम नसते, दुखत नाही आणि दूधही खराब दिसत नाही. ते फक्त कमी येतं. आपल्याकडे कास कडक होण्याला मेंढपाळ 'दगडी' म्हणतात. ती जिवाणूंमुळे होते आणि लगेच लक्षात येते. ओपीपीमधली कडक कास मात्र शांतपणे पिल्लांचं दूध तोडते. पिल्लं भुकेली राहतात, त्यांची वाढ मागे पडते आणि मालकाला वाटतं, यंदा पिल्लंच कमकुवत निघाली.

चारातली एक म्हणजे नेमकं काय?

आता त्या अमेरिकेच्या आकड्याकडे येऊ. २००१ च्या त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. ३६.४ टक्के कळपांमध्ये किमान एक तरी मेंढी पॉझिटिव्ह निघाली.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र बदलतं. लागण सगळीकडे सारखी पसरलेली असती, तर जवळपास प्रत्येक कळपात दर चारामागे एक मेंढी सापडली असती. पण तसं नाही. जवळपास ६४ टक्के कळपांमध्ये तपासलेली एकही मेंढी पॉझिटिव्ह नव्हती. म्हणजे सगळा बोजा उरलेल्या ३६ टक्के कळपांवर होता. एका मालकाकडे शून्य आणि त्याच्या शेजाऱ्याकडे अर्ध्याहून जास्त मेंढ्यांना लागण, असं होऊ शकतं. देशाची सरासरी २४ टक्के असली तरी ती कुठल्याच एका कळपाची खरी गोष्ट सांगत नाही.

याआधी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही असंच दिसलं होतं. २९ राज्यांतल्या साडेसोळा हजारांहून जास्त मेंढ्यांचे नमुने त्यात होते आणि २६ टक्के पॉझिटिव्ह निघाले होते. पण तिथे कळपांचा आकडा ४८ टक्के होता. मग नऊ वर्षांत लागण झालेले कळप कमी झाले का? असा थेट निष्कर्ष काढता येत नाही. कारण १९९२ चे नमुने मालकांनी स्वतःहून पाठवलेले होते. ज्याला शंका आहे, तोच तपासणीसाठी पैसे खर्च करतो. त्यामुळे अशा नमुन्यांत आजारी कळप जास्त असण्याची शक्यता असते. उलट २००१ ची पाहणी देशभरातले कळप निवडून केलेली होती. दोन आकडे सारखे दिसले किंवा वेगळे दिसले, तरी ते कसे गोळा केले हे बघितल्याशिवाय त्यांची तुलना करणं धोक्याचं असतं. सोशल मीडियावर फिरणाऱ्या कुठल्याही 'इतके टक्के' वाल्या पोस्टला हाच नियम लागू होतो.

आणखी एक गोष्ट वयाची. लागण आयुष्यभर टिकते, त्यामुळे मेंढी जितकी म्हातारी तितकी ती कधी ना कधी व्हायरसच्या संपर्कात आलेली असण्याची शक्यता जास्त. एखाद्या पाहणीत फक्त वर्षाच्या आतली कोकरं तपासली तर आकडा कमी येईल, पाच-सहा वर्षांच्या मेंढ्या तपासल्या तर खूप जास्त. कळप तोच, व्हायरस तोच, पण उत्तर दोन.

तपासणीच्याही मर्यादा आहेत. रक्त तपासणीत व्हायरस दिसत नाही, त्याच्या विरोधात तयार झालेल्या अँटीबॉडी दिसतात. लागण झाल्यावर त्या तयार व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोपर्यंत मेंढीला लागण असते, पण रिपोर्ट निगेटिव्ह येतो. उलट लहान पिल्लांमध्ये आईच्या चिकातून आलेल्या अँटीबॉडी काही महिने रक्तात राहतात. तिथे पिल्लाला लागण नसतानाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून एका तपासणीवर कळप 'स्वच्छ' असल्याचा शिक्का मारता येत नाही.

हा पसरतो कसा?

दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट आईकडून पिल्लाकडे. लागण झालेल्या मेंढीच्या चिकात आणि दुधात व्हायरस असलेल्या पेशी असतात. जन्मल्यावर जे पहिलं दूध पिल्लाला जगवतं, त्यातूनच ही लागण जाते.

दुसरी वाट श्वासाची आणि जवळिकीची. मेंढ्या दाटीवाटीने एकत्र राहिल्या, की नाका-तोंडातून उडणाऱ्या थेंबांतून व्हायरस एकीकडून दुसरीकडे जातो. थंड देशांत हिवाळ्यात कित्येक महिने मेंढ्या बंद गोठ्यात ठेवाव्या लागतात. तिथे प्रसार वेगाने होतो.

व्हायरस शरीराबाहेर फार काळ टिकत नाही. त्यामुळे एका कळपातून दुसऱ्या कळपात तो बहुतेक वेळा मेंढीच्याच पायांनी जातो, म्हणजे विकत घेतलेल्या जनावरातून. चांगल्या जातीचा, महागडा, दिसायला तगडा मेंढा आणला आणि त्याच्यासोबत आजारही आला, ही या रोगाची जगभरातली नेहमीची गोष्ट आहे. त्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महाग गोष्ट घडली ती आइसलँडमध्ये.

वीस मेंढ्यांनी एका देशाला कसं हादरवलं?

१९३३ साली आइसलँडने जर्मनीतल्या हाले इथून काराकुल जातीच्या २० मेंढ्या मागवल्या. काराकुल कोकरांच्या कुरळ्या कातड्याला तेव्हा युरोपात मोठा भाव होता. स्थानिक मेंढ्यांशी संकर करून शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढवायचं, असा साधा हेतू होता. मेंढ्या निरोगी दिसत होत्या. त्यांना सुमारे दोन महिने वेगळं ठेवण्यात आलं, काही लक्षण दिसलं नाही, म्हणून त्या वेगवेगळ्या शेतांवर वाटून दिल्या गेल्या.

ज्या आजाराला दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, त्याला दोन महिन्यांचं क्वारंटाइन काय करणार?

या काराकुल मेंढ्यांबरोबर एक नाही, अनेक आजार आले. पहिला लक्षात आला तो याखसिक्टे नावाचा फुफ्फुसाचा संसर्गजन्य कॅन्सर. त्याने इतक्या मेंढ्या मारल्या, की मेडी त्याच्या आड लपून राहिला. मेडी हा वेगळा आजार आहे हे ओळखायला १९३९ उजाडलं. तोवर सहा वर्षं गेली होती. आइसलँडमध्ये शरद ऋतूत डोंगरावरची सगळ्यांची जनावरं एकत्र हाकून आणतात आणि मग ज्याची त्याला वाटून देतात. हिवाळाभर ती गोठ्यात कोंडलेली असतात. व्हायरसला याहून सोयीची व्यवस्था मिळाली नसती. काही कळपांत दरवर्षी १५ ते ३० टक्के मेंढ्या मरायला लागल्या.

आइसलँडच्या मेंढ्या शेकडो वर्षं जगापासून तुटलेल्या होत्या. त्यांनी हा व्हायरस कधी पाहिलेलाच नव्हता. जर्मनीत ज्या काराकुल मेंढ्या लागण घेऊनही ठणठणीत होत्या, त्याच व्हायरसने आइसलँडच्या मेंढ्यांचा फडशा पाडला. मेडीने एक लाखाहून जास्त मेंढ्या गेल्या.

शेवटी सरकारने कठोर निर्णय घेतला. देशाचे भाग पाडून मैलोन्मैल कुंपणं घातली. लागण असलेल्या भागातल्या सगळ्या मेंढ्या मारायच्या, काही काळ जमीन रिकामी ठेवायची आणि मग देशाच्या वायव्येकडच्या स्वच्छ भागातून कोकरं आणून पुन्हा कळप उभे करायचे. १९४४ पासून हे काम सुरू झालं आणि सुमारे साडेसहा लाख मेंढ्या मारण्यात आल्या. त्यावेळी आइसलँडची माणसांची लोकसंख्याच सव्वा लाखाच्या आसपास होती. म्हणजे दर माणसामागे पाच मेंढ्या. शेवटची लागण १९६५ साली संपली आणि मेडी-विस्ना देशातून पूर्ण हद्दपार करणारा आइसलँड हा पहिला देश ठरला.

मेंढीचा आजार आणि एचआयव्हीचा काय संबंध?

या संकटातून विज्ञानाला मात्र एक मोठी गोष्ट मिळाली. रेक्याविकजवळच्या केल्दूर इथल्या संशोधन संस्थेत ब्योर्न सिगुर्डसन नावाचे संशोधक या आजारावर काम करत होते. तोपर्यंत संसर्गाचे दोनच प्रकार मानले जायचे. एक झटपट येऊन जाणारा आणि दुसरा रेंगाळणारा. सिगुर्डसन यांनी १९५४ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत तिसरा प्रकार मांडला, 'संथ संसर्ग'. लागण झाल्यावर महिने किंवा वर्षं काहीच दिसत नाही, पण एकदा लक्षणं सुरू झाली की आजार ठरलेल्या वाटेने पुढे जातो. १९५७ साली त्यांच्या गटाने विस्नाचा व्हायरस प्रयोगशाळेत वेगळा केला. १९५९ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी सिगुर्डसन वारले.

पुढे या गटातल्या व्हायरसना 'लेंटिव्हायरस' हे नाव पडलं. लॅटिनमध्ये लेंटस म्हणजे संथ. १९८३ साली पॅरिसमध्ये एड्सचा व्हायरस सापडला, तेव्हा तो याच गटातला निघाला. वर्षानुवर्षं लपून राहणं, संरक्षणाच्या पेशींमध्येच घर करणं, डीएनएमध्ये स्वतःला चिकटवणं या गोष्टी शास्त्रज्ञांना मेंढीमुळे आधीच माहिती होत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण 'मेंढ्यांमध्ये एचआयव्हीचा भाऊ' अशी हेडलाईन व्हायरल व्हायला वेळ लागत नाही. मेडी-विस्नाचा व्हायरस माणसाला होत नाही. मटण खाऊन, दूध पिऊन किंवा मेंढ्यांमध्ये राहून तो माणसात येत नाही. नातं आहे ते दोन व्हायरसच्या बांधणीत. मेंढीकडून शेळीकडे मात्र तो जाऊ शकतो. शेळ्यांमध्ये सांधे सुजवणारा 'सीएई' नावाचा आजार याच्या अगदी जवळच्या व्हायरसमुळे होतो आणि हे दोन्ही व्हायरस दोन्ही जनावरांत उड्या मारतात. मेंढ्या-शेळ्या एकत्र पाळणाऱ्यांसाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे.

बाकीच्या जगात काय परिस्थिती आहे?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे मेंढ्यांचे दोन बलाढ्य देश मेडी-विस्नापासून मुक्त आहेत. आइसलँड मुक्त झाला तो वर सांगितलेली किंमत मोजून. युरोप खंडात बहुतेक देशांत हा आजार आहे. नेदरलँड्समध्ये त्याला धापा टाकण्यावरून पडलेलं स्थानिक नाव आहे, फ्रान्समध्ये वेगळं, दक्षिण आफ्रिकेत तो १९१५ च्या सुमारास ग्राफ-रेनेट या गावाच्या नावाने ओळखला गेला, तर अमेरिकेत मोंटाना राज्याच्या. इतकी गावठी नावं असणं हाच तो सगळीकडे जुना असल्याचा पुरावा आहे.

ब्रिटनचं उदाहरण मात्र जरा लक्ष देऊन बघण्यासारखं आहे. तिथे हा आजार १९७० च्या दशकात युरोपातून आणलेल्या जातिवंत मेंढ्यांबरोबर पोहोचला असं मानलं जातं. १९९५-९६ च्या पाहणीत १.४ टक्के कळपांत लागण होती. २०१० च्या पाहणीत ती २.८ टक्के झाली. अमेरिकेच्या ३६ टक्क्यांपुढे हे काहीच नाही असं वाटेल. पण त्याच काळात लागण झालेल्या कळपांच्या आत, पॉझिटिव्ह मेंढ्यांचं सरासरी प्रमाण १३ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेलं होतं. कळप दुप्पट आणि प्रत्येक कळपातली लागणही जवळपास दुप्पट. दोन्हींचा गुणाकार केला तर लागण झालेल्या मेंढ्या पंधरा वर्षांत साधारण चौपट झाल्या. छोट्या टक्केवारीच्या आड मोठी वाढ अशी लपते.

ब्रिटनमधले पशुवैद्यक अशा आजारांना 'हिमनग रोग' म्हणतात. एखाद-दुसरी खंगलेली मेंढी म्हणजे पाण्यावर दिसणारं टोक. खरा आजार पाण्याखाली.

मग उपाय का होत नाही?

उपाय आहेत, पण सगळे महाग किंवा वेळखाऊ आहेत.

पहिला मार्ग, तपासा आणि काढा. सगळ्या मेंढ्यांचं रक्त ठरावीक काळाने तपासायचं आणि पॉझिटिव्ह निघाली की तिला कळपातून बाहेर काढायचं. दहा टक्के लागण असेल तर हे जमतं. पण निम्मा कळप पॉझिटिव्ह असेल तर मालकाने धंदा कशावर करायचा? आणि ज्या मेंढ्या काढायच्या, त्या त्याच्या डोळ्यांसमोर चरताहेत, पिल्लं देताहेत, धडधाकट दिसताहेत.

दुसरा मार्ग, पिल्लू जन्मल्याबरोबर आईपासून वेगळं करायचं. त्याला चीक चाटू द्यायचा नाही. गाईचा चीक किंवा ठरावीक तापमानाला तापवलेला चीक आणि नंतर पावडरचं दूध पाजून वाढवायचं. जुना आणि नवा कळप कायमचा वेगळा ठेवायचा. कुटुंबाने पाळलेल्या ५० मेंढ्यांना हे शक्य आहे, डोंगरावर सोडलेल्या ३,००० मेंढ्यांना नाही. मेंढ्या उघड्यावर चरतात म्हणून पश्चिम अमेरिकेतले कळप सुरक्षित असतील असं वाटू शकतं, पण मोठे कळप, एकत्र हाकणं आणि मेंढ्या जास्त वर्षं ठेवणं यामुळे तिथेही लागण भरपूर सापडते.

तिसरा मार्ग सगळ्यात नवा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं, की 'टीएमईएम १५४' नावाच्या एका जनुकाच्या काही प्रकारांमुळे मेंढीला लागण होण्याचा धोका जवळपास तिप्पट होतो. याच जनुकाचा दुसरा प्रकार आई आणि बाप दोघांकडून मिळालेल्या मेंढ्यांना, लागण झालेल्या कळपात राहूनही, धोका बराच कमी असतो. म्हणजे योग्य मेंढा निवडून पिढ्यान्‌पिढ्या कळप बदलता येईल, कुणालाही एकदम मारावं लागणार नाही. पण हे पूर्ण कवच नाही. व्हायरसचे काही प्रकार या मेंढ्यांनाही गाठतात आणि प्रत्येक जातीत हे जनुक सारख्या प्रमाणात आढळत नाही.

आणि मुळात हे करायला लावणारं कुणी नाही. अमेरिकेत मेंढ्यांच्या मेंदूच्या 'स्क्रेपी' या आजाराविरुद्ध केंद्र सरकारचा निर्मूलन कार्यक्रम आहे, कानात बिल्ले आहेत, नियम आहेत. ओपीपीसाठी तसं देशव्यापी सक्तीचं काही नाही. माणसाला धोका नाही, एकदम साथ येत नाही, त्यामुळे सरकारला घाई नाही. त्यात तिथला मेंढीपालनाचा धंदाच आकसला आहे. १९४२ च्या सुमारास ५.६ कोटी मेंढ्या होत्या, आता त्या ५० लाखांच्या आसपास उरल्या आहेत. खर्चाचा हिशोब प्रत्येक मालकाने स्वतः करायचा. पिल्लामागे थोडं कमी वजन, दरवर्षी दोन-चार मेंढ्या लवकर काढाव्या लागणं, असं नुकसान इतकं बारीक असतं, की तपासणीचं बिल त्याहून मोठं वाटतं.

प्रामाणिकपणे तपासणाऱ्याला उलट शिक्षाच होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की जातिवंत मेंढे विकणाऱ्याचं नाव खराब होतं. न तपासणारा मात्र 'माझ्याकडे कधी आजार दिसला नाही' असं छातीठोकपणे सांगू शकतो आणि ते खोटंही नसतं. त्याला दिसलेला नसतोच. ब्रिटनने यावर 'मान्यताप्राप्त कळप' ही योजना काढली. ठरावीक अंतराने दोनदा स्वच्छ रिपोर्ट आले की कळपाला प्रमाणपत्र मिळतं आणि त्याच्या मेंढ्यांना बाजारात विश्वास मिळतो. म्हणजे तपासणी हा खर्च न राहता विक्रीचं साधन होतं. पण ती ऐच्छिक आहे, आणि तिथल्या वाढत्या आकड्यांवरून दिसतं की योजनेबाहेरच्या कळपांत व्हायरस पसरत राहिला.

भारताने आणि महाराष्ट्राने याकडे का बघावं?

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात ७.४ कोटींहून जास्त मेंढ्या आहेत. महाराष्ट्रात तो आकडा २७ लाखांच्या घरात जातो आणि त्यावर मुख्यतः धनगर कुटुंबांचा संसार चालतो. इथल्या मेंढपाळाच्या डोक्यावर टांगती तलवार असते ती वेगळ्या आजारांची. पीपीआर, देवी, आंत्रविषार, निलजिव्हा असे हे आजार. ते दिवसांत कळप आडवा करतात, त्यामुळे ते दिसतात. त्यातल्या पीपीआर, देवी आणि आंत्रविषाराविरुद्ध लसीकरण चालतं, आणि ते आधी होणं बरोबरच आहे.

पण संथ आजाराचा नियम सगळीकडे एकच आहे. जो दिसत नाही तो मोजला जात नाही आणि जो मोजला जात नाही त्याच्यावर खर्च होत नाही. मांसासाठी वर्षभराच्या आत विकल्या जाणाऱ्या नर कोकरांमध्ये असा आजार कधीच दिसणार नाही. तो दिसला तर पाच-सहा वर्षं ठेवलेल्या मेंढ्यांमध्ये दिसेल, आणि तिथे तो वय, उपासमार, जंत आणि चालून आलेला थकवा यांच्या गर्दीत मिसळून जाईल.

भारतात लोकर सुधारण्यासाठी परदेशी मेंढ्या आणण्याची जुनी परंपरा आहे. डिसेंबर २०१९ मध्येच उत्तराखंडने ऑस्ट्रेलियातून २४० मेरिनो मेंढ्या आणल्या. ऑस्ट्रेलिया या आजारापासून मुक्त आहे, त्यामुळे ती निवड या बाबतीत सुरक्षित होती. मेडी-विस्ना जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नोंदणीयोग्य आजारांच्या यादीत आहे, ते याच व्यापारामुळे. आइसलँडचा धडा असा, की जनावर कुठल्या देशातून, कुठल्या कळपातून येतंय आणि त्या कळपाचं रक्त तपासलंय का, हा प्रश्न जनावर दिसायला कसं आहे यापेक्षा मोठा आहे. वेगळं ठेवण्याचा काळ आजाराच्या गतीपेक्षा छोटा असेल, तर तो कागदावरचा सोपस्कार ठरतो.

हाच प्रश्न गावच्या बाजारातल्या खरेदीलाही लागू होतो, मग आजार कुठलाही असो. नवा मेंढा आणला की त्याला थेट खांडात सोडण्याआधी काही दिवस वेगळा बांधणं, ज्याच्याकडून घेतला त्याच्या म्हाताऱ्या मेंढ्या कशा आहेत हे एकदा बघून येणं आणि कळपातली एखादी मेंढी कारण नसताना खंगत असेल तर पशुवैद्यकाला दाखवणं, यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पैसेही लागत नाहीत. विकणारा मेंढा कायम तगडाच दाखवतो. कळपाची खरी तब्येत त्याच्या सहा वर्षांच्या मेंढ्यांवरून कळते.